ड्रायरच्या सॉकेटवर २४० व्होल्टचे ग्रो लाइट : जोडू की नको?

कढीलिंबवाली | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५२

जाणकारांनो, मदत हवी आहे. आम्ही शिकागोच्या एका उपनगरात राहतो. परवा पहिला फ्रॉस्ट पडला आणि नेहमीप्रमाणे माझी वरात घरात आली. कढीलिंबाच्या सात कुंड्या, तीन मिरच्या, अळू, गवती चहा, मोगरा आणि तुळस. गेल्या हिवाळ्यात खिडकीच्या उजेडावर ठेवली होती, तर मार्चपर्यंत चार कढीलिंबांच्या नुसत्या काड्या उरल्या.

यंदा नवऱ्याच्या ओळखीतल्या एकाने आपलं छोटं ग्रीनहाऊस मोडलं आणि चार दिवे फुकट दिले. हजार वॉटचे सोडियम व्हेपर, जुन्या पद्धतीच्या जड बॅलास्टसकट. एकेक पेटी पंधरा किलोची तरी असेल. लेबलवर लिहिलंय, १२० व्होल्टला ९.५ अँपिअर, २४० व्होल्टला ४.७. बेसमेंटच्या साध्या सॉकेटवर दोन लावले की ब्रेकर पडतो.

आमचा कपड्यांचा ड्रायर गॅसवरचा आहे, त्यामुळे विजेच्या ड्रायरचं जुनं मोठं सॉकेट मागे रिकामंच पडून आहे. पॅनेलवर त्याचा ३० अँपिअरचा जोडब्रेकर. एका व्हिडिओत बघितलं की ड्रायरची कॉर्ड आणायची, तिचं मोकळं टोक पत्र्याच्या एक्स्टेंशन बोर्डाला जोडायचं, की झाले चारही दिवे २४० वर. चार गुणिले ४.७ म्हणजे १९ च्या आत, आणि ब्रेकर ३० चा. गणित तर बरोबर दिसतंय. भारतात आपण २३० वरच वाढलो, इथे एवढी भीती कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. करू का?

गच्चीवरचा | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

ताई, बिनधास्त करा. बॅलास्ट म्हणजे आपल्या ट्यूबलाइटचा चोकच, फक्त खाऊनपिऊन मोठा झालेला. आमच्या पुण्यात गीझर, इस्त्री, मिक्सर सगळं २३० वरच चालतं. चांगल्या कंपनीचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या, वायर जाड घ्या, विषय संपला. अमेरिकेत सगळ्यालाच घाबरतात.

मोगरा_मिशिगन | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:३४

मला विजेतलं काही कळत नाही. पण दिव्यांच्या धाग्यावर पहिली मी, म्हणून दिवे घ्या :)

निवृत्त_तारतंत्री | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

थांबा. कॉर्ड विकत आणली असेल तर ती आधी बाजूला ठेवा.

मी ३१ वर्षं वीज वितरणात काढली, आता लेकीकडे न्यू जर्सीत असतो. ‘आपण २३० वरच वाढलो’ या वाक्यानेच आपली माणसं इथे फसतात. मीही फसलो होतो, ते पुढे सांगतो.

आपल्याकडे घरात एक फेज येते आणि एक न्यूट्रल. जीव घेणारी तार एकच. स्विच त्या फेजवर टाकला की पुढचं सगळं मेलं. अमेरिकेत रस्त्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरच्या गुंडाळीला मधोमध फाटा काढून तो न्यूट्रल करतात. दोन टोकांच्या दोन तारा घरात येतात. प्रत्येक तार न्यूट्रलशी १२०, आणि एकमेकींशी २४०. म्हणजे ड्रायरच्या सॉकेटात दोन तारा जिवंत असतात. तुम्ही एका तारेवर साधा स्विच किंवा टायमर बसवलात, तर दिवा विझेल, पण दुसऱ्या तारेने बॅलास्टपर्यंत १२० व्होल्ट येऊन बसलेलेच असतील. दिवा बंद आहे म्हणून माणूस झाकण उघडतो, आणि तिथेच घात होतो. म्हणून इथे २४० वर जे काही तोडायचं ते दोन्ही तारांवर एकदम तोडायचं. तुमचा ब्रेकर जोडीचा आहे तो याचसाठी.

आता रंग. आपल्या जुन्या सवयीत लाल, पिवळा, निळा या फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. इथे काळा आणि लाल जिवंत, पांढरा न्यूट्रल, हिरवा किंवा उघडं तांबं म्हणजे अर्थ, ज्याला इथे ग्राउंड म्हणतात. काळा रंग बरोब्बर उलटा! पहिल्याच वर्षी जावयाच्या गॅरेजमध्ये मी काळी तार न्यूट्रल समजून उघड्या बोटांनी धरली. १२० च होते आणि पायात रबरी सपाता होत्या, म्हणून आज हे लिहितोय. ३१ वर्षांचा अनुभव, आणि बोटांना जुना रंग पाठ. त्यात परदेशी बनावटीच्या कॉर्डमध्ये तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशी तिसरीच जात असते. निळी म्हणजे न्यूट्रल असं धरून चालाल, पण २४० ला लावल्यावर इथे तीही जिवंत. रंगावर जाऊ नका, मीटर लावा.

कढीलिंबवाली | ५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

काका, वाचून हातच थंड पडले. व्हिडिओत यातलं अक्षरही नव्हतं. कॉर्ड आणलेली नाही.

टोरांटोचा_तारवाला | ५ नोव्हेंबर, रात्री ११:४१

काकांना अनुमोदन. मी ओंटारिओत परवानाधारक इलेक्ट्रिशियन आहे, रोज हेच करतो. काकांनी व्होल्ट सांगितले, मी अँपिअरबद्दल बोलतो, कारण माझ्या मते व्हिडिओतली मोठी चूक तिथे आहे.

३० चा ब्रेकर तुमच्या दिव्यांची राखण करत नाही. तो भिंतीतल्या तारेची राखण करतो. ती तार १० गेजची तांब्याची असते, भारतातल्या मापात सव्वापाच चौरस मिलिमीटर. इथल्या गेजमध्ये आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. बॅलास्टची कॉर्ड असते १४ किंवा १६ गेजची. १६ म्हणजे सव्वा चौरस मिलिमीटरच्या आसपास, शेवयाच म्हणा ना. आता एका बॅलास्टमधलं गुंडाळं जळून तो ४.७ ऐवजी २५ अँपिअर ओढायला लागला, तर ब्रेकर काय करेल? काहीच नाही. त्याच्या दृष्टीने २५ म्हणजे सगळं आलबेल. ती शेवई मात्र तापून वितळेल, आणि तुमच्याकडे बेसमेंटच्या छताला लाकडी वासे असतील.

म्हणून नियम असा आहे की ३० अँपिअरच्या सर्किटवर १५ किंवा २० चं सॉकेट थेट लावायचंच नाही. एक्स्टेंशन बोर्ड तर नाहीच नाही. मध्ये एक छोटं सबपॅनेल हवं, आपल्या भाषेत डीबी. त्यात १५ चे जोडब्रेकर, त्यांच्यापुढे १४ गेजची तार आणि २४० व्होल्टची १५ अँपिअरवाली सॉकेटं, ज्यांच्या दोन्ही सपाट पिना आडव्या असतात. म्हणजे चुकून कोणी टोस्टर खुपसणार नाही.

तुमचं गणित बरोबर आहे, पण अर्धं. तीन तास किंवा जास्त सलग चालणारा भार ब्रेकरच्या ८० टक्क्यांतच बसवायचा. ३० चे झाले २४. चार दिव्यांचे १८.८, म्हणजे चालेल. पाचवा लावला तर अगदी काठावर, माझ्याकडून नकार.

आता एक प्रश्न, आणि उत्तर मिळेपर्यंत कशालाही हात लावू नका. त्या सॉकेटला भोकं किती, तीन की चार?

कढीलिंबवाली | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

तीन. दोन तिरप्या फटी आणि खाली एक एल आकाराची. घर १९८४ चं आहे. तीन म्हणजे फेज, न्यूट्रल, अर्थ असंच ना?

टोरांटोचा_तारवाला | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

नाही! हाच तो सापळा. तुमचं सॉकेट १०-३० जातीचं आहे. दोन तिरप्या फटी म्हणजे दोन जिवंत तारा, आणि एल म्हणजे न्यूट्रल. अर्थिंग नाहीच. १९९६ च्या अमेरिकन विद्युत संहितेपासून नव्या ड्रायर सर्किटला चार तारा सक्तीच्या झाल्या. ते चार भोकांचं सॉकेट म्हणजे १४-३०. जुनी तीनवाली होती तशी राहू दिली, पण फक्त ड्रायर-शेगडीसारख्या यंत्रांसाठी. तुमच्या बॅलास्टसाठी ही सवलत नाही.

लोक काय करतात, बॅलास्टची हिरवी तार त्या एलला जोडतात. ‘न्यूट्रल काय, अर्थ काय, पॅनेलमध्ये एकत्रच तर होतात.’ होतात, पण फक्त मुख्य पॅनेलमध्ये. वाटेत न्यूट्रलचा एक स्क्रू सैल झाला आणि त्याच सर्किटवर उद्या कोणी विजेचा ड्रायर लावला, तर ड्रायरच्या मोटरमधून येणारे १२० व्होल्ट परतीची वाट न मिळाल्याने बॅलास्टच्या पत्र्यावर आणि दिव्याच्या रिफ्लेक्टरवर येऊन बसतील. खाली सिमेंटची फरशी, हातात पाण्याची झारी, पायात काही नाही. यात ब्रेकर पडत नाही, कारण शॉर्ट कुठे झालेलाच नाही.

सबपॅनेलमध्येसुद्धा न्यूट्रलची पट्टी आणि अर्थची पट्टी वेगळ्या ठेवायच्या. नव्या पॅनेलसोबत त्या दोघांना जोडणारा हिरवा स्क्रू येतो, तो लावायचा नाही. घरच्या घरी केलेल्या दहातल्या पाच-सहा पॅनेलमध्ये मला तो लावलेला सापडतो. माणसाला वाटतं, पाकिटात दिलाय म्हणजे लावायचाच असणार.

गच्चीवरचा | ६ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

हे माहीत नव्हतं. पण मग आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की आपोआप तुटणारा स्विच, लावला तर? आमच्याकडे ३० मिलिअँपिअरचा लावतात, माणूस वाचतो.

निवृत्त_तारतंत्री | ६ नोव्हेंबर, दुपारी १:१५

प्रश्न चांगला आहे. इथे त्याचा भाऊ जीएफसीआय, तो ५ मिलिअँपिअरच्या आसपासच तुटतो. आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक. २०२० च्या संहितेपासून बेसमेंट आणि लाँड्रीतल्या २५० व्होल्टपर्यंतच्या सॉकेटांनाही तो सांगितलाय, पण कुठल्या गावाने कोणती आवृत्ती स्वीकारली आहे ते तिथे विचारावं लागतं. मी तर लावाच म्हणेन. जुन्या बॅलास्टने तो अधूनमधून विनाकारण पडेल, तेव्हा शिव्या मला द्या. पण तो आहे म्हणून अर्थिंग नको, असं मात्र नाही.

हिशेबी | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०२

सगळे तारांत अडकलेत, बिलाचं कोणी बोलत नाही. चार दिवे, चोकच्या नासाडीसकट प्रत्येकी साधारण १.१ किलोवॉट. दिवसाला १२ तास. रोजचे जवळजवळ ५३ युनिट. युनिट १५ सेंट धरलं तरी रोज आठ डॉलर, महिन्याला २४० च्या घरात. आणि २४० व्होल्टवर लावल्याने बिल अर्धं होतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी : अँपिअर अर्धे होतात, वॉट तेवढेच. मीटर वॉट मोजतो.

ताई, देसी दुकानात कढीलिंबाची पुडी दोन डॉलरला मिळते. महिन्याला १२० पुड्या. ह. घ्या.

कढीलिंबवाली | ६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

हिशेबी, हे गणित नवऱ्याला दाखवू नका. पण त्या पुडीतली पानं हुंगून बघा एकदा. फोडणीत पडून नुसती पोहतात.

सूर्यफूल_सातारा | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

आमच्याकडे पॉलीहाऊसमध्ये शेवंतीला रात्री दिवे लावतात, तेही साधे मिणमिणते. मग तुम्हाला चार हजार वॉट कशाला?

मोगरा_मिशिगन | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

शेवंतीला दिवा दाखवतात तो दिवस मोठा आहे असं भासवून कळी लांबवायला. त्याला थोडा उजेड पुरतो. इथे त्या उजेडावर झाडाने जेवायचंय, आणि बेसमेंटमध्ये सूर्य मुळीच नाही. तरी सात कुंड्यांना चार दिवे जास्तच. दोन पुरतील. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी एलईडीवर गेले, अडीचशे वॉटचा एक पट्टा, साध्या सॉकेटवर, माझे चार कढीलिंब त्याखाली तुकतुकीत आहेत. नव्याने कोणी घेणार असेल तर २४० च्या भानगडीत पडूच नये.

लघुलहरी | ७ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

एक हॅम रेडिओवाला म्हणून थोडं अवांतर. तुमचे बॅलास्ट जुने लोखंडी गुंडाळ्याचे आहेत, तेच बरं. स्वस्तातले इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट रेडिओच्या पट्ट्यांवर इतका गोंगाट करतात की २०१४ मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांच्या संघटनेने, एआरआरएलने, त्याविरुद्ध एफसीसीकडे, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाकडे, रीतसर तक्रार केली होती. माझ्या गल्लीत कोणी ग्रो लाइट लावला की मला घरबसल्या कळतं.

टोरांटोचा_तारवाला | ७ नोव्हेंबर, रात्री १०:५८

एलईडीबद्दल मोगराताईंशी शंभर टक्के सहमत. पण दिवे आलेच आहेत तर दोन गोष्टी राहिल्या.

एक, पेटीच्या आत १२० आणि २४० साठी वेगळे टॅप, म्हणजे तार जोडायची वेगळी टोकं, असतात. तुम्ही आजवर १२० वर लावत होतात, म्हणजे जोड तिथे आहे. तसाच २४० ला खुपसलात तर पहिल्याच दिवशी धूर. आतली आकृती झाकणावर चिकटवलेली असते. झाकण उघडण्याआधी प्लग काढून थोडं थांबायचं, कारण आतला कपॅसिटर भरलेला असतो आणि तो माणूस ओळखत नाही.

दोन, खरं हाय व्होल्टेज भिंतीत नाहीच. ते बॅलास्टपासून दिव्यापर्यंतच्या कॉर्डमध्ये आहे. सोडियम दिवा पेटवायला इग्नायटर काही हजार व्होल्टचा, चारेक हजारांपर्यंतचा ठोका देतो. ती कॉर्ड दिवा चालू असताना ओढायची नाही, तिला साधी वायर जोडून लांबवायची नाही. दिवा विझला तर लगेच पेटत नाही, काही मिनिटं थंड व्हावा लागतो. लोक वाट न बघता होल्डरशी खुडबुड करतात.

पेट्या जमिनीवर किंवा गालिच्यावर नकोत. भिंतीवर सिमेंट बोर्ड मारून त्यावर टांगा. आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ झोळावरून ठिबकेल, सॉकेटात शिरणार नाही.

टायमर साधा नको. चोकच्या भाराने त्याचे पॉइंट चिकटतात आणि दिवे रात्रभर जळतात. दोन पोलचा काँटॅक्टर, म्हणजे कॉइलने दोन्ही तारा एकदम जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, घ्या आणि टायमरने फक्त त्याची कॉइल चालवा.

गच्चीवरचा | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

म्हणजे शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये असतो तोच!

टोरांटोचा_तारवाला | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:४४

तोच. ठक्क करून बसतो तो.

कढीलिंबवाली | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अपडेट. उशीर झाला, पण आधी गावच्या ऑफिसातून परवाना घेतला, मग इलेक्ट्रिशियन आला. एकदा वाटलं होतं सगळं रद्द करून एलईडी घ्यावा. पण नवरा फुकटचे दिवे सोडायला तयार नाही, आणि मी कढीलिंब.

गंमत अशी झाली. त्याने सॉकेट उघडलं आणि हसायलाच लागला. आमच्या भागात घरातल्या तारा लोखंडी नळीतूनच न्याव्या लागतात, शिकागोची जुनी पद्धत. त्यामुळे सॉकेटात अर्थ नसला तरी मागचा पत्र्याचा डबा आणि पॅनेलपर्यंतची नळीच अर्थिंगचं काम करत होती. त्याने ब्रेकर पाडून डबा ते पॅनेल मोजलं, मग चालू करून प्रत्येक जिवंत तार ते डबा मोजलं, दोन्हींना १२०. नळीचे सगळे जोड चावीने आवळले. म्हणजे नवीन तार ओढावी लागली नाही.

पण जी गोष्ट बघून माझ्या पोटात गोळा आला ती वेगळीच. सॉकेटच्या एका जिवंत तारेचा स्क्रू इतका सैल होता की बोटाने फिरला. त्याभोवतीचं प्लॅस्टिक करपून तपकिरी झालेलं. तिथे १० तास रोज दिवे जळले असते.

सॉकेट काढूनच टाकलं. त्याजागी छोटं सबपॅनेल, दोन जोडब्रेकर १५ चे, आडव्या पिनांची दोन सॉकेटं, काँटॅक्टर, सगळं नळीतून. हिरवा स्क्रू पाकिटातच आहे, मी स्वतः त्याबद्दल विचारलं तेव्हा इलेक्ट्रिशियन चमकला. दिवे दोनच लावलेत, दहा तास. परवान्यासकट साडेसहाशे डॉलर गेले. इन्स्पेक्टर येऊन गेला, त्याने तुळस कसली आहे ते विचारलं.

निवृत्त_तारतंत्री | २० नोव्हेंबर, सकाळी ६:१०

शाब्बास. पण बाकीच्यांनी हे वाचून आपल्या घरी नळी आहेच असं समजू नका. माझ्या लेकीचं घर त्याच जमान्यातलं, पण इथे नळी नाही, केबल आहे. तिच्यात दोन तारा आणि भोवती गुंडाळलेला उघडा न्यूट्रल, अर्थ कुठेच नाही. तिथे पॅनेलपासून नवी चार तारांची केबल ओढण्यावाचून इलाज नव्हता. आणि भाड्याच्या घरात असाल तर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय यातलं काहीही नाही.

सूर्यफूल_सातारा | २० नोव्हेंबर, सकाळी ९:५५

उरलेले दोन दिवे बॅलास्टसकट कंटेनरमधून इकडे पाठवता येतील का? २४० तर आहेच.

टोरांटोचा_तारवाला | २० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

नको. ते ६० हर्ट्‌झसाठी गुंडाळलेले चोक आहेत. तुमच्याकडे ५० हर्ट्‌झ. व्होल्ट जुळले तरी लोखंड संपृक्त होऊन तापेल आणि जळेल.

कढीलिंबवाली | २ डिसेंबर, रात्री ८:४५

तीन कुंड्यांना नवे कोंब आलेत, पोपटी. कॅलिफोर्नियातल्या ज्या मैत्रिणीने रोपाची अदलाबदल करू म्हणून व्यनि केलाय तिला इथेच सांगते, तिकडून कढीलिंबाचं रोप किंवा ताजी पानं पाठवू नकोस. लिंबूवर्गीय झाडांना रोग लावणारा किडा त्यावर पोसतो, म्हणून तिकडून बाहेर न्यायला बंदी आहे.

गच्चीवरचा | ३ डिसेंबर, सकाळी ८:०५

अॅडमिन, माझ्या ५ नोव्हेंबरच्या पोस्टची संपादनाची मुदत संपली आहे. ती कृपया उडवा, किंवा वर लाल अक्षरात लिहा की याप्रमाणे करू नये. कोणी फक्त पहिला प्रतिसाद वाचून जायचा.